गाडीवर उदक सोडण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार दुपार

चि. बंडू,

काल फोनवर तू घाईत होतास. मागे पुण्याला परतायचं सामान बांधणाऱ्या माणसांचा खोकी चिकटवण्याचा आवाज येत होता, म्हणून मी फार बोलले नाही. पण तू जाता जाता जे सांगितलंस ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "कॅमरी दान करून टाकतोय. टायटल सापडत नाही, पण तो माणूस म्हणतो, टायटल नसलं तरी चालेल." हे ‘चालेल’ नक्की कसं चालेल, ते त्याला विचारलंस का? ईमेल केली असती तर तू दोन ओळी वाचून मला अंगठा पाठवला असतास, म्हणून हे कागदावर.

पुण्याच्या सवयीनं तू रजिस्ट्रेशन कार्डालाच मालकीचा कागद समजतोयस. आपल्याकडे आरसी म्हणजे सगळं. इथे गाडी रस्त्यावर चालवायचा कागद वेगळा आणि गाडी कोणाची हे सांगणारा, म्हणजे टायटल, वेगळा. दुसऱ्याला तुमच्या कॅलिफोर्नियात पिंक स्लिप म्हणतात, गुलाबी राहिलेला नाही तरी. तो हरवला म्हणून तुझी मालकी जात नाही, कारण खरी नोंद सॅक्रामेंटोला डीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, दप्तरी आहे. तेव्हा आधी घाबरू नकोस, आणि मग निर्धास्तही होऊ नकोस.

‘टायटल नसलं तरी चालेल’ असं म्हणणारी माणसं दोन जातींची असतात. पहिली जात सरळ. कॅलिफोर्नियात रेग 227 नावाचा फॉर्म आहे. हरवलेल्या टायटलची नक्कल मागायची तरी तोच, आणि नक्कल येण्याची वाट न बघता मालकी थेट दुसऱ्याच्या नावावर करायची तरी तोच. चांगली संस्था तुझ्याकडून गाडीचा व्हिन क्रमांक घेते, हा फॉर्म पाठवते, घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव घालते आणि कुठे सही करायची ते दाखवते. त्यांचं ‘चालेल’ म्हणजे "या, आपण कागद करू."

दुसरी जात म्हणते, "इथे सही करा, बाकीचं आम्ही भरून घेतो." घेणाऱ्याचा रकाना कोरा. मग ती गाडी कोऱ्या कागदावरच या हातातून त्या हातात फिरते, मधल्या कोणाला नोंदणीही करायला नको आणि कराचा पैसाही भरायला नको. दप्तरी मात्र तू. पुलावरचा टोल तुझ्या नावावर, पार्किंगचे दंड तुझ्या नावावर, आणि कुठे कोपऱ्यात सोडून दिली तर उचलून नेल्याचं भाडंही तुझ्याच नावावर. तू तोवर कोथरूडला. तुझ्या त्या माणसाची जात कोणती ते मला माहीत नाही. घेणाऱ्याच्या रकान्यात काय लिहिणार एवढं विचार, लगेच कळेल.

आजोबा दान देताना हातावर पाणी घेऊन सोडायचे, आठवतं? शास्त्रात दान दोन अंगांनी पुरं होतं: आपला हक्क सुटला पाहिजे आणि घेणाऱ्याचा लागला पाहिजे. पहिलं झालं आणि दुसरं झालं नाही, तर ते टाकून देणं झालं. डीएमव्हीच्या बाबूंनी धर्मशास्त्र वाचलेलं नाही, पण रेग 227 मध्ये मांडलंय तेच.

आता तुझी खरी अडचण. टायटल हरवलंय असं तू म्हणतोस, पण ते तुझ्या हातात कधी आलं होतं का? गाडी तू 2006 साली कर्जावर घेतलीस, आणि कर्ज वाकोव्हियाचं होतं हे मला पक्कं आठवतं, कारण त्या नावाचा उच्चार करताना बाबा हसायचे. कर्ज असेपर्यंत कॅलिफोर्नियात टायटल बँकेकडे असतं, पुष्कळदा कागदावर नसतंच, संगणकातच असतं. कर्ज फिटल्यावर ते बहुधा तुझ्या त्या वेळच्या पत्त्यावर गेलं असणार. तू तेव्हा दर दोन वर्षांनी अपार्टमेंट बदलत होतास. किंवा गेलंच नसेल. रजिस्ट्रेशन कार्ड काढ आणि बघ, लीनहोल्डर, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा असलेली बँक, म्हणून कोणाचं नाव अजून छापलेलं आहे का. नसेल तर सुटलास. असेल तर आपल्याकडे आरसीवरची एचपी उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो, तसलंच काम आहे: लीन फिटल्याचा बँकेचा लेखी दाखला, आणि टायटल हातात नसल्यामुळे त्यावर नोटरी. वाकोव्हिया 2008 च्या पडझडीत वेल्स फार्गोत विलीन झाली, तेव्हा दाखला त्यांच्याकडे मागायचा. हा कागद यायला वेळ लागतो. बाकी सगळं नंतर, हे उद्या सकाळी.

त्याच कार्डावर आणखी एक बघ, अगदी बारीक. तुझ्या आणि बायकोच्या नावांमध्ये काय आहे? ‘ऑर’ असेल तर तुझी एकट्याची सही पुरे. ‘अँड’ असेल, किंवा नुसती तिरकी रेघ असेल, तर दोघांच्याही सह्या हव्यात. कॅलिफोर्नियात त्या रेघेचा अर्थ ‘आणि’ असाच धरतात. मला वाटतं रेघच असणार. ती मुलांच्या शाळेसाठी आधीच पुण्याला जाऊन बसलीय, त्यामुळे तिच्याकडून कागद मागवावा लागेल. मुखत्यारपत्रासाठी रेग 260 हा डीएमव्हीचाच फॉर्म आहे. तो तिला आजच पाठव, तिनं शाईनं सही करून कुरियर करू दे. फोनवर काढलेल्या फोटोवर विसंबू नकोस.

मैलांचं काय, असं तू विचारशीलच. 2011 किंवा त्यानंतरच्या मॉडेलची गाडी असती तर वीस वर्षांपर्यंत हस्तांतराच्या वेळी ओडोमीटरचा आकडा सही करून द्यावा लागला असता. तुझी त्यातून सुटली. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे टॅक्स. तू म्हणालास, "ब्लू बुकात चार हजार दाखवतं, तेवढी वजावट मिळेल." नाही मिळणार. ते दिवस गेले. 2003 साली अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं दान दिलेल्या 54 गाड्यांचा माग काढला, तर सुमारे दोन तृतीयांश गाड्यांबाबत दात्यानं विवरणपत्रात लिहिलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी पैसे संस्थेच्या हाती पडले होते. लोक भंगार देऊन पुण्याबरोबर परतावाही घेत होते. त्यानंतर कायदा बदलला. 2005 पासून, 500 डॉलरच्या वरचा दावा असेल आणि संस्थेनं गाडी विकून टाकली, तर लिलावात जेवढे आले तेवढीच वजावट. संस्थेनं ती स्वतः कामाला लावली, मोठी दुरुस्ती केली किंवा गरजू माणसाला स्वस्तात दिली, तरच बाजारभाव धरता येतो. विक्रीनंतर 30 दिवसांच्या आत ते तुला 1098-सी फॉर्म पाठवतात, आणि तो विवरणपत्राला जोडावा लागतो. शिवाय तू सगळ्या वजावटी सुट्या मांडत असशील तरच याचा उपयोग. सरसकट वजावट घेणाऱ्याला, म्हणजे हल्ली बहुतेकांना, गाडी देऊन करात एक सेंटही वाचत नाही.

आणि गाडी एखाद्या गरीब विद्यार्थ्याकडे जाईल, हे जे चित्र तू रंगवून बसलायस, ते बहुधा होणार नाही. मेरीलँडमधल्या व्हेइकल्स फॉर चेंजसारख्या काही संस्था गाडी दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देतात. पण बहुतेक ठिकाणी ती टो होऊन लिलावात जाते, टोवाल्याचे आणि मधल्या कंपनीचे पैसे वजा होतात, आणि उरलेलं संस्थेला मिळतं. वीस वर्षं जुनी गाडी तर भंगारातही जाईल. यात लबाडी नाही, व्यवहार आहे. पण दोन्ही मुलांना इस्पितळातून घरी आणलेली गाडी देताना तुला ते माहीत असावं.

माझं मत विचारशील तर, ती अजून बरी चालते, ऑफिसातल्या कोणाला तरी रोख विक. आलेल्या पैशांचा चेक महाराष्ट्र फाउंडेशनला पाठव. 1978 पासून इथे नोंदलेली संस्था आहे, पैसा महाराष्ट्रातल्या कामांना जातो, आणि मधले दोन हात वाचतात. अर्थात विकायला ग्राहक शोधण्याइतका वेळ तुला नसेल तर दे दान, माझी हरकत नाही. मात्र कोणालाही देण्याआधी ती संस्था आयआरएसच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या, यादीत आहे का ते बघ. साइटवर फुकट शोधता येतं.

गाडी गेली की पाच दिवसांच्या आत डीएमव्हीच्या साइटवर हस्तांतराची सूचना भर, रेग 138. त्यानंतरच विमा बंद कर, आधी नाही. टोलची फास्ट्रॅक डबी काचेवरून काढून घे. नंबरप्लेट तुमच्याकडे गाडीबरोबरच जातात. आमच्या न्यू जर्सीत त्या काढून परत कराव्या लागतात, आणि डुप्लिकेट टायटलला 60 डॉलर मोजावे लागतात ते वेगळंच. सगळ्या फॉर्मवर पत्ता म्हणून माझा घाल. 1098-सी इथे आला की मी तुला फोटो पाठवीन.

आणि पुण्यात पोचलास की बाबांच्या चेतककडे बघ. ती अजून वाड्याच्या बोळात आहे, बाबांच्याच नावावर, आणि आरसीचा पत्ता नाही. आधी पोलिसांत हरवल्याची नोंद, मग डुप्लिकेटसाठी फॉर्म 26, आणि वारस म्हणून तुझ्या नावावर करायला फॉर्म 31. माझी संमती लागेल, त्याचा कागद तयार करून धाड, मी सही करून पाठवते.

तुझी
ताई