आमची गाडी आणि खारा वारा

आमच्या घरी एक पांढरी ओम्नी गाडी आहे. ती 2012 सालची आहे. बाबा तिच्यावर भाडी मारतात. सकाळी आचरा तिठ्यावर गाडी लावतात आणि मालवण, कणकवली, जिकडचे भाडे मिळेल तिकडे जातात. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा तर बाबांना जेवायलाही सवड नसते. रात्री-अपरात्री कुणाला बरे नसले तर लोक आमच्या खळ्यात येऊन हाक मारतात. आजी म्हणते, ही गाडी म्हणजे आपली दुभती म्हैस. म्हशीला जसे रोज धुतात, पुसतात, तसेच गाडीचे. मी दर रविवारी आणि बुधवारी बाबांबरोबर गाडी धुते. त्याबद्दल मी आज लिहिणार आहे.

तुम्ही म्हणाल, गाडी धुण्यात लिहिण्यासारखे काय आहे? दसऱ्याला सगळेच धुतात, झेंडूचा हार घालतात, आपट्याचे पान ठेवतात. पण आपला गाव समुद्राकाठी आहे. समुद्रावरून वारा येतो, तो नुसता येत नाही, बारीक बारीक मीठ घेऊन येतो. सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागते. (आई रागावेल, म्हणून एकदाच करा.) लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, हे आपण विज्ञानात शिकलो. त्यात मीठ मिसळले तर गंज लवकर चढतो, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचे काम वेगाने होते. तुम्ही घरी प्रयोग करून बघा. तीन खिळे घ्या. एक कोरडा डबीत ठेवा, एक विहिरीच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर आणि एक समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर. रोज बघा. कुठला आधी लाल होतो ते तुम्हालाच कळेल.

होडीचे इंजिन समुद्रातून आणले की गोड्या पाण्याने धुतात, ते याच कारणासाठी. बाबा म्हणतात, "खारो वारो लोखंडाक खाता, पण खाताना दिसणा नाय."

आता गाडी कशी धुवायची ते सांगते. आधी गाडी सावलीत लावायची. गरम गाडीवर पाणी ओतले की ते लगेच सुकते आणि पांढरे डाग राहतात. पण सावली बघून घ्यावी बरं का! माडाखाली लावली तर वरून नारळ पडेल. आंब्याखाली लावली तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तो सुकला की निघता निघत नाही. आम्ही फणसाच्या सावलीला लावतो, पण फणस धरले की तिथूनही हलवतो. गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. त्याशिवाय बाबा मला गाडीजवळ बसू देत नाहीत.

पहिली पाळी चाकांची. मला आधी वाटायचे, टपापासून सुरुवात करावी, म्हणजे पाणी खाली येईल. पण बाबा म्हणाले, "बाय, आधी चाकां. चाकां धुतल्याशिवाय आंगाक हात लावचो नाय." चाकांवर सगळ्यांत जास्त घाण असते. तिथला चिखल धुतलेल्या अंगावर उडाला तर काम दुप्पट होते. म्हणून चाकांची बादली वेगळी, फडके वेगळे आणि ब्रशही वेगळा. चाकाचे फडके गाडीच्या अंगाला लावायचे नाही. चाके गार झालेली असावीत. पुढच्या चाकांवर काळी पूड जास्त बसते. ती ब्रेकची पूड असते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त झिजतात. रिमच्या भोकांत ब्रश घालून ती काढावी लागते. टायरच्या खाचांतले खडे मी काठीने काढते. असे करताना मला दोनदा खिळा सापडला आहे. एकदा तर बाबांना दुसऱ्या दिवशी पहाटे कणकवली स्टेशनला जायचे होते. वाटेत पंक्चर झाले असते तर माणसांची गाडी चुकली असती.

चाकांच्या वर जी कमान असते तिच्या आत हात घालून चिखल काढायचा. तिथे ऊन लागत नाही. चिखल ओला राहतो आणि त्यात मीठ असते. बाहेरून गाडी कितीही चकचकीत दिसली तरी गंज आतून सुरू होतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला छोटी छोटी भोके असतात. पावसाचे पाणी काचेवरून आत जाते ते त्या भोकांतून बाहेर पडते. माती बसून ती बंद झाली की पाणी आत साठते आणि दरवाजा आतल्या आत कुजतो. मी ती भोके माडाच्या हिराने मोकळी करते. वाढवणीतला एक हीर काढला म्हणून आजी ओरडते, पण हिरासारखे दुसरे हत्यार नाही.

मग गाडीचे अंग. आधी नुसते पाणी ओतायचे, हात लावायचा नाही. कारण गाडीवर वाळू असते. वाळूचा कण रंगापेक्षा कठीण असतो. कोरड्या फडक्याने पुसले की तोच कण रंगावर रेघ ओढतो. उन्हात तिरके बघितले तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या अशाच पडतात. वाळू वाहून गेली की दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके साबणात बुडवून एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्यायचे आणि परत साबणात बुडवायचे. म्हणजे घाण साबणाच्या बादलीत जात नाही. वरून खाली यायचे. टप, काचा, दरवाजे आणि शेवटी खालची पट्टी. कपडे धुण्याची पावडर वापरायची नाही, तिने रंगावरचे मेण निघून जाते. शेवटचे पाणी गोडेच पाहिजे. खाडीजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, ते शेवटी ओतले तर मीठ काढायचे आणि मीठच लावायचे असे होईल. शेवटी बाबांच्या जुन्या सुती बनियनने गाडी कोरडी करायची.

हे सगळे यंत्राने लवकर होते. फवारा मारला की चिखल उडतो. पण बाबा हातानेच धुतात. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "जा डोळ्यांक दिसणा नाय, ता हाताक कळता." त्याचा अर्थ मला गावपळणीनंतर समजला.

आपल्याकडे 2024 च्या डिसेंबरात गावपळण झाली, ती तुम्हा सर्वांना आठवत असेल. श्री देव रामेश्वराचा कौल झाला आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहिला. माणसे, गुरे, कुत्रे, कोंबड्या सगळी बाहेर. आमच्या गाडीने किती फेऱ्या मारल्या त्याची गणती नाही. आमची भांडी, शेजाऱ्यांची अंथरुणे, आजी, तिच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी. माळावरची लाल धूळ गाडीवर एवढी बसली होती की पांढरी गाडी जांभ्याची वाटत होती. जांभ्यात लोखंड असते, म्हणून आपली माती लाल आहे.

गाव भरला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी धुवायला काढली. मी डाव्या बाजूच्या खालच्या पट्टीवरून फडके फिरवत होते. मागच्या चाकाजवळ हाताला काहीतरी लागले. रंग तसाच होता, पण त्याखाली मसुराच्या दाण्याएवढे फोड होते, तीन-चार. दिसायला काहीच नव्हते. मी बाबांना हाक मारली. बाबांनी बोट फिरवले आणि एक फोड नखाने दाबला. रंगाचा पापुद्रा सुटला आणि आतून तांबडी पूड गळली. बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

संध्याकाळी बाबा आणि आजी बोलत होते ते मी ऐकले. भाड्याच्या गाडीला पासिंग लागते. जुन्या गाडीला तर दरवर्षी. खालचा पत्रा सडलेला असला तर गाडी पास कशी होणार? आणि पास झाली नाही तर ती रस्त्यावर नेता येत नाही. ओम्नी गाडी 2019 साली कंपनीने बंद केली, म्हणजे तशी नवी घ्यायचीही सोय नाही. दुसरी कुठलीही गाडी घ्यायची तर कर्ज. आजी एवढेच म्हणाली, "रामेश्वर बघता." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी रंग खरवडला, गंज घासून काढला. भोक रुपयाच्या नाण्याएवढे होते. तेवढाच पत्रा कापून त्यांनी नवा तुकडा वेल्डिंग केला, वर गंज न लागणारा रंग दिला आणि खालून डांबरासारखा काळा थर मारला. मिस्त्री म्हणाले, "एक पावसाळो आणि गेलो असतो तर आख्खी पट्टी गेली असती." गाडी तिसऱ्या दिवशी तिठ्यावर उभी राहिली. पुढे पासिंगही झाले.

तेव्हापासून मी गाडी धुताना हाताने वाचते. आपण पाटीवरची अक्षरे वाचतो ना, तसे. कुठे खरखरीत लागते, कुठे फुगलेले, कुठे टायरला चीर गेली आहे, कुठला नट सैल वाटतो, ते सगळे हाताला कळते. फवाऱ्याने गाडी स्वच्छ होते, पण तिला काय दुखते ते फवाऱ्याला कळत नाही. गुरांना अंघोळ घालताना आजी गोचीड शोधते, तसेच हे आहे.

दोन-तीन महिन्यांनी बाबा गाडीला मेण लावतात. ते लावले की पाण्याचे थेंब आळवाच्या पानावरच्यासारखे घरंगळून जातात आणि मीठ रंगाला चिकटून बसत नाही. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा नावाचे मेण घालतात. ते ब्राझील देशात होणाऱ्या एका झाडाच्या पानांवरून काढतात. ते झाड आपल्या माडाच्याच कुळातले आहे! कडक उन्हात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानावर मेणाचा थर धरते. तेच मेण आपल्या गाड्यांना वाचवते. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्या हातात माडाचा हीर आणि गाडीवर त्याच्या परदेशी भावाचे मेण!

मे महिन्यात विहिरीचे पाणी खाली जाते. तेव्हा आम्ही चार बादल्यांत गाडी धुतो आणि पहिली बादली चाकांच्या कमानीला ठेवतो. टप मळका राहिला तर चालेल, पण कमानीत मीठ राहता नये. साबणाचे आणि ऑइलचे पाणी विहिरीत जाऊ नये म्हणून गाडी विहिरीपासून लांब लावतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी नसेल, पण सायकल असेल, शिवणयंत्र असेल, नाहीतर बाबांच्या होडीचे इंजिन असेल. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेले फडके त्याच्यावर फिरवा, मग कोरडे पुसा. फडके फिरवताना घाई करू नका. आणि पालकहो, तुमच्या मुलांना गाडी धुताना बोलवा. लहान हात कमानीच्या आत लांबपर्यंत पोचतात.

— इयत्ता सातवी