सभेतला कायदा

कायदा वाचावा लागतो, हे सर्वांस ठाऊक असते. तो पाहावाही लागतो, हे मात्र परीक्षेच्या घाईत विसरले जाते. नोकरीनिमित्त मी तंजावरला आलो, तेव्हापासून वकिलांच्या हाताखाली काम करू पाहणारे काही विद्यार्थी माझ्याकडे शंका विचारावयास येतात. त्यांना मी एकच अभ्यास सांगतो : गावच्या सभेला जा आणि मागे बसून पाहा.

त्यासाठी येथे दूर जावे लागत नाही. तामिळनाडूच्या १९९४ च्या पंचायत अधिनियमाखाली ग्रामसभा भरते आणि तिच्या नेमलेल्या दिवसांत १ मे हा एक आहे. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन चालते, त्या दिवशी कावेरीकाठची माणसे सभेला जमतात. मेट्टूरचे पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात. तोवर पाटांतला गाळ निघेल काय, ही सर्वांच्या मनातली चिंता.

गणपूर्तीचा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो : पाचशेपर्यंत वस्तीच्या गावी ५० माणसे, तीन हजारांपर्यंत १००, दहा हजारांपर्यंत २००, त्यापुढे ३००. सभेत त्यांना दिसते ते असे, की सह्यांची वही हातोहात फिरते आणि सही होताच काही मंडळी शेताची वाट धरतात. वहीत सभा भरलेली असते. समोर ती रिकामी होत जाते.

अशाच एका सभेत एक आजीबाई उभ्या राहिल्या. पाट बुजल्यामुळे टोकाच्या शेतांना पाणी पोचत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. सर्वांनी माना डोलावल्या. आजीबाई खाली बसेनात. “आधी लिहा,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. चिटणिसांनी लिहिले आणि वाचून दाखवले : पाटांची दुरुस्ती करावी. कोणता पाट, ते त्यात नव्हते! आजीबाईंनी पाटाचे नाव दोनदा उच्चारले, तेव्हा ते वहीत उतरले. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी नंतर म्हणाली, “आपले काम काय, ते आज कळले.” सरस्वती महालातील मराठी राजवटीचे मोडी कागद तिने पाहिले होते. लिहिले गेले तेवढेच मागे उरते, हे तिला निराळे सांगावे लागले नाही.

ठराव झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. येथील अनेक ग्रामसभांनी तेल-वायूच्या विहिरींविरुद्ध ठराव केले. तरीही जानेवारी २०२० मध्ये केंद्राने अशा साठ्यांच्या शोधकार्यास जनसुनावणीतून सूट दिली. पुढच्याच महिन्यात राज्य विधिमंडळाने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून या मुलुखात नव्या विहिरींना मनाई केली. जुन्या चालू विहिरींना मात्र त्याने हात लावला नाही. ही कलमे घरी वाचणाऱ्यास तो शब्दांचा खेळ वाटेल. सभेत बसलेल्यास मात्र कळते, की सुनावणी गेली म्हणजे कोणाचे बोलणे गेले.

वाचकहो, आपणही परमुलुखात कचेऱ्या सांभाळता. आपल्याकडे शिकावयास येणाऱ्या तरुणांना पुढच्या सभेस अवश्य धाडा. भाषा अर्धीमुर्धी समजली तरी चालेल. कोण बोलले, काय लिहिले गेले आणि दोहोंत काय गळले, एवढे टिपून आणावयास सांगा.