ओमाहाच्या पत्त्यावर

सातारा,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय मैत्रेयी,


गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "मावशी, ऐंशी वर्षांत कुणी अणुबॉम्ब वापरला नाही. म्हणजे धाक चालतोच की!" मी तेव्हा विषय पुढे नेला नाही. दोन मिनिटांत संपणारी ती गोष्ट नव्हती. वर्षभर मी अमेरिकेच्या अण्वस्त्रांबद्दल जे वाचत आले ते सगळं तुझ्या या एका वाक्याभोवतीच फिरतंय, म्हणून सवडीनं लिहिते आहे. शिवाय तू अमेरिकेत ओमाहाला राहतेस, आणि या पुस्तकांत तुझ्या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

तुमच्या शहराच्या दक्षिणेला, बेलव्ह्यूजवळ, ऑफट हवाई तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे मार्टिन कंपनीचा विमानांचा कारखाना होता. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' आणि नागासाकीवर टाकणारं 'बॉक्सकार', ही दोन्ही विमानं त्या एकाच कारखान्यात बांधलेली. १९४८ मध्ये स्ट्रॅटेजिक एअर कमांडचं मुख्यालय तिथे आलं, आणि आजही अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा कारभार जिथून चालतो ती स्ट्रॅटेजिक कमांड तिथेच आहे.

डिसेंबर १९६० मध्ये या तळावर एक बैठक झाली. देशाची पहिली एकत्रित अणुयुद्ध योजना वरिष्ठांना समजावून सांगायची होती. जॉन रुबेल हे संरक्षण खात्यातले अधिकारी तिथे हजर होते. त्यांनी म्हातारपणी, २००८ साली, त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली. मोठाले नकाशे, त्यांना लावलेल्या शिड्या, आणि हल्ल्याच्या एकेका लाटेत कुठे कुठे स्फोट होतील ते शिडीवर चढून दाखवणारे सैनिक. योजनेत रशियाबरोबर चीनही होता. युद्ध फक्त रशियाशी असलं तरी चीनची शहरं बेचिराख व्हायचीच. श्रोत्यांपैकी कुणीतरी विचारलं, हे चीनचं युद्ध नसेल तर? कमांडचे प्रमुख जनरल थॉमस पॉवर यांचं उत्तर असं होतं की चीनला वगळता येईल, पण तसं कुणाच्या मनात न येवो, कारण त्यानं सगळी योजनाच बिघडेल.

त्यानंतर संरक्षणमंत्र्यांसमोर वरिष्ठांची बैठक भरली. एकेक जण योजनेची तारीफ करून खाली बसला. शेवटी मरीन दलाचे प्रमुख जनरल डेव्हिड शूप उठले. ज्यांचं हे युद्धच नसेल अशा कोट्यवधी चिनी माणसांना मारणारी योजना चांगली असू शकत नाही, असं ते म्हणाले. खोली गप्प राहिली. रुबेलही बोलले नाहीत. त्यांना त्या वेळी आठवण झाली ती जानेवारी १९४२ मधल्या वान्झेच्या बैठकीची, जिथे नाझी अधिकाऱ्यांनी टेबलाभोवती बसून ज्यूंच्या संहाराची व्यवस्था ठरवली होती. एका अमेरिकन अधिकाऱ्याला आपल्याच माणसांच्या बैठकीत ती आठवण व्हावी, याचा विचार करताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

त्या योजनेचा परिणाम कागदावर कसा दिसत होता ते डॅनियल एल्सबर्ग यांनी सांगितलं आहे. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये वर्तमानपत्रांना देणारे तेच हे एल्सबर्ग. त्याआधी ते रँड संस्थेत अणुयुद्धाच्या योजनांवरच काम करत होते. १९६१ मध्ये व्हाइट हाउसतर्फे सेनाप्रमुखांना एक प्रश्न गेला: योजना ठरल्याप्रमाणे पार पडली तर रशिया आणि चीनमध्ये किती माणसं मरतील? एल्सबर्गना वाटलं होतं, असा हिशेब कुणी केलेलाच नसेल. हिशेब तयार होता. पहिल्या तडाख्यात २७.५ कोटी, सहा महिन्यांत ३२.५ कोटी. मग आजूबाजूचे देश धरून विचारलं तेव्हा बेरीज ६० कोटींच्या घरात गेली. त्यात अमेरिकेचे मित्रदेश होते, आणि फिनलंड होता. लेनिनग्राडच्या पाणबुडी तळांवर पडणाऱ्या बॉम्बची किरणोत्सारी धूळ अख्ख्या फिनलंडला पुरली असती. जगाची लोकसंख्या तेव्हा तीन अब्जांच्या आसपास होती. आणि या आकड्यात रशियाच्या एकाही बॉम्बनं मेलेलं माणूस धरलेलं नाही.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं १७ जानेवारी १९६१ चं निरोपाचं भाषण सगळे उद्धृत करतात. लष्कर आणि शस्त्रकारखाने यांच्या युतीपासून सावध राहा, हा त्यांचा इशारा खराच होता. पण ही योजना त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाली, आणि ते सत्तेवर आले तेव्हा हजाराच्या आसपास असलेली अमेरिकेची अण्वस्त्रं ते जाईपर्यंत वीस हजारांच्या घरात पोचली होती. नुसतं भाषण वाचलं की ते द्रष्टे वाटतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की कळतं, देशात सगळ्यात जास्त अधिकार असलेल्या माणसालाही हे यंत्र थांबवता आलं नाही, फक्त जाताना त्याच्याकडे बोट दाखवता आलं.

आता तुझं वाक्य घेते. वापरला नाही, असं आपण म्हणतो. एल्सबर्ग म्हणतात, समोरच्याच्या डोक्याला पिस्तूल लावलं तर चाप ओढला नाही तरी ते वापरलेलंच असतं. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, निक्सन यांनी 'एंटरप्राइज' ही अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, तेव्हा मी शाळेत होते. अमेरिकेचं सातवं आरमार हे शब्द घरोघर मोठ्यांच्या तोंडी होते. ते कशासाठी निघालंय हे आम्हा मुलांनासुद्धा कळत होतं.

आणि स्फोट तर झालेच आहेत, मैत्रेयी. एकट्या अमेरिकेनं हजाराहून जास्त चाचण्या केल्या. १ मार्च १९५४ रोजी मार्शल बेटांत 'ब्राव्हो' बॉम्ब उडवला तेव्हा तो अंदाजाच्या अडीचपट निघाला, १५ मेगाटनांचा. राँगेलाप बेटावर पांढरी भुकटी पडत राहिली, मुलं तिच्यात खेळली. तिथल्या लोकांना हलवायला दोन दिवस लागले. जवळून जाणाऱ्या जपानी मासेमारी बोटीवरचे आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. स्फोटानंतर महिनाभरानं, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली, हे आपण विसरलो आहोत. न्यू मेक्सिकोत १६ जुलै १९४५ ला पहिला स्फोट झाला, त्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या कुटुंबांना भरपाईच्या कायद्यात जागा मिळायला २०२५ साल उजाडलं. ऐंशी वर्षं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कर्करोग आहे त्यांना "वापरला नाही" हे वाक्य ऐकवायची माझी हिंमत होणार नाही.

धाक चालला म्हणून आपण वाचलो, हेही मला आता पटत नाही. आयझेनहॉवर यांच्या भाषणानंतर आठवड्याच्या आत, २४ जानेवारी १९६१ ला, नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ विमान हवेतच मोडलं. विमानातले तिघे मेले. दोन हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. त्यातला एक पॅराशूटनं उतरताना स्फोटाच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या ओलांडून गेला होता. सांडिया प्रयोगशाळेतल्या एका अभियंत्यानं पुढे लिहिलं की मध्ये फक्त एक साधा, कमी दाबाचा स्विच उभा होता. हा अहवाल लोकांपुढे यायला २०१३ उजाडलं. रशियाच्या बाजूला स्तानिस्लाव पेत्रोव्ह या लष्करी अधिकाऱ्यानं २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री, अमेरिकन क्षेपणास्त्रं येत असल्याची यंत्राची सूचना खोटी मानली. एकीकडे स्विच, एकीकडे एका माणसाची शंका. यालाच आपण धोरणाचं यश म्हणत आलो.

पण वर्षभरात सगळ्यात जास्त मनात राहिली ती मेजर हॅरोल्ड हेरिंग यांची गोष्ट. व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकांना हेलिकॉप्टरनं सोडवून आणणारा हा अधिकारी. वीस वर्षांहून जास्त नोकरी, शौर्यपदक. १९७३ मध्ये त्यांचं क्षेपणास्त्र डागणाऱ्या तुकडीसाठी प्रशिक्षण चालू होतं. जमिनीखालच्या कोठडीत दोन अधिकारी बसतात, हुकूम आला की संकेत जुळवून पाहतात आणि दोघांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवायच्या. एकदा सुटलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. हेरिंगनी वर्गात विचारलं: मला मिळालेला हुकूम डोकं ठिकाणावर असलेल्या राष्ट्राध्यक्षानं दिला आहे, हे मला कसं कळणार?

वर्गात ते एवढंच बोलले होते. त्यांना वर्गातून काढलं. ही माहिती तुमच्या कामाला लागत नाही, असं हवाई दलाचं म्हणणं. माणूस म्हणून मला ती लागते, असं त्यांचं म्हणणं. चौकशी होऊन त्यांना सक्तीनं निवृत्त केलं आणि पुढे ते ट्रक चालवू लागले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजही कुणाकडे नाही. अण्वस्त्र डागण्याचा हुकूम आजही एकट्या राष्ट्राध्यक्षानं द्यायचा असतो. काँग्रेसची संमती लागत नाही, दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. जिथे पंचायतीच्या पाइपलाइनलासुद्धा ठराव लागतो अशा जगात आपण राहतो, म्हणून मला ही गोष्ट जास्तच भयंकर वाटते. तुझ्या नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, गव्हाच्या शेतांच्या मधोमध, ती मिनिटमन क्षेपणास्त्रं आजही तयार उभी आहेत.

तू म्हणशील, मावशी अमेरिकेवर उखडली आहे. तसं नाही. मी जे जे वर लिहिलं ते मला अमेरिकनांनीच सांगितलं. शूप यांचंच घे. तारावाच्या लढाईत मेडल ऑफ ऑनर मिळवलेले हे जनरल निवृत्तीनंतर गप्प बसले नाहीत. एप्रिल १९६९ च्या 'अटलांटिक' मासिकात त्यांनी नव्या अमेरिकन युद्धखोरीवर लेख लिहिला. त्याच शीर्षकाचं पुस्तक २००५ मध्ये अँड्र्यू बॅसेविच यांनी काढलं. तेही व्हिएतनाममध्ये लढलेले, कर्नल म्हणून निवृत्त झालेले. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली, तेव्हापासून युद्धाची झळ मोजक्या घरांनाच लागते आणि बाकीचा देश गणवेशाला टाळ्या वाजवून मोकळा होतो, हे त्यांचं दुखणं. पुस्तकानंतर दोन वर्षांनी त्यांचा मुलगा इराकमध्ये मारला गेला.

हे वाचताना मला अपशिंगे आठवलं, आपल्या जिल्ह्यातलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावानं ४६ माणसं गमावली आणि अजूनही घरटी एक तरी जण सैन्यात असतो. तिथल्या एखाद्या आईपुढे मी युद्धाच्या गौरवाचं भाषण करणार नाही, आणि तिच्या मुलाचा अनादरही होऊ देणार नाही. बॅसेविच यांच्या लिखाणात हे दोन्ही एकत्र आहे, म्हणून मला तो माणूस विश्वासाचा वाटतो.

पैशांचं थोडक्यात. २०२४ मध्ये अमेरिकेनं लष्करावर ९९७ अब्ज डॉलर खर्च केले, साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाच्या ३७ टक्के. मिनिटमनच्या जागी येणाऱ्या 'सेंटिनेल'चा अंदाज ८१ टक्क्यांनी वाढून १४०.९ अब्जांवर गेला आणि तरीही प्रकल्प चालू ठेवला गेला. शिवाय ५ फेब्रुवारी २०२६ ही रशियाबरोबरच्या शेवटच्या शस्त्रमर्यादा कराराची अखेरची तारीख. ऑक्टोबर २०२५ अखेर ट्रम्प यांनी चाचण्या पुन्हा सुरू करायला सांगितल्याचं जाहीर केलं. १९९२ नंतर अमेरिकेनं एकही अणुस्फोट केलेला नाही.

आता आपल्याकडचं. आपली अण्वस्त्रं साधारण १८० आहेत असा स्टॉकहोमच्या सिप्री या संशोधन संस्थेचा २०२५ चा अंदाज आहे. १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतलं, आणि तिचं जड पाणी आलं होतं अमेरिकेतून, 'शांततेसाठी अणू' या आयझेनहॉवर यांच्याच घोषणेच्या काळात. तेव्हा हे प्रकरण तुमचं की आमचं, अशी वाटणी मला करता येत नाही.

त्या काळात मुंबईत नोकरी करत वेगळं बोलणारा एक माणूस होता. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक होमी भाभा यांच्याच छायेत, गणित करणारे. ते जागतिक शांतता चळवळीत उघडपणे काम करत होते आणि एवढं ऊन असलेल्या देशानं अणूपेक्षा सूर्याकडे पाहावं असं लिहीत होते. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार वाढवला नाही. त्याच्या कारणांबद्दल मतं वेगवेगळी आहेत, मी त्यात शिरत नाही. मला खुपतं ते एवढंच की इतिहासकार कोसंबी आपण डोक्यावर घेतले आणि हे कोसंबी कपाटात राहिले.

अमेरिकेच्या त्या खोलीत कोण काय बोललं हे आज मला साताऱ्यात बसून वाचता येतं. कागद उशिरा का होईना, बाहेर आले. आपल्याकडे १९७४ किंवा १९९८ च्या निर्णयाच्या वेळी कुणी शूपसारखं उठून बोललं असेल का? आपल्या एखाद्या मेजरनं हेरिंगचा प्रश्न विचारला असेल का? पुढचं वर्ष मी यावर वाचायचं ठरवलं आहे. सुरुवात कोसंबींच्या निबंधांपासून करते, आणि मग १९९८ मध्ये पोखरणविरुद्ध जे वैज्ञानिक बोलले त्यांचं लिखाण.

रुबेल यांचं पुस्तक मला इथे पूर्ण मिळालेलं नाही, उतारेच वाचले आहेत. तुमच्या सार्वजनिक ग्रंथालयात असेल तर आधी तू वाच, चीनचा प्रश्न विचारला गेला ते पान तर नक्की. मग मला फोन कर, आणि धाकाबद्दल तुझं मत अजूनही तेच असेल तर मनमोकळं सांग. भांडायला मला आवडेल.

थंडीत गाडी सांभाळून चालव.

तुझी,
मावशी