कावेरीकाठी, आप्पांच्या चालीने

माझे वडील तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवीत होते. शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ साली सुरू झाले आणि तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली गेली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असे. आप्पांनी स्वतः मात्र तो धबधबा कधीच पाहिला नव्हता. वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, शरीराची डावी बाजू दुबळी झाली आणि शिवनसमुद्र आता नकाशावरच राहणार, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. चौदा महिन्यांनंतर, काठीच्या आधाराने अंगणात फेऱ्या घालता घालता ते म्हणाले, "आता नाही, तर केव्हा?"

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. दुपारची विश्रांती आणि औषधांच्या वेळा पाळण्याची अट घातली. डिसेंबरात आम्ही दोघांनी म्हैसूरला मुक्काम केला. रोज नवी खोली आणि नवे न्हाणीघर असण्यापेक्षा एकच मुक्काम बरा, एवढे शहाणपण मला होते. पण पहिल्याच दिवशी मी राजवाडा, श्रीरंगपट्टण आणि वृंदावन उद्यान अशी तीन ठिकाणे उरकली. रात्री खोलीच्या उंबऱ्याशी आप्पांचा डावा पाय अडखळला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ते पडले नाहीत. पाय थकला होता हे त्यांनी मला सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. त्या रात्री मी यादी पुन्हा लिहिली. बंडीपूरच्या जंगलातील धक्क्यांचा प्रवास वगळला. एका दिवशी एकच स्थळ, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी रंगनथिट्टू. सतराव्या शतकात कावेरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळे येथे लहान लहान बेटे तयार झाली. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या आग्रहावरून म्हैसूर संस्थानाने १९४० साली त्यांना अभयारण्याचा दर्जा दिला. वृद्धांच्या दृष्टीने या स्थळाचा मोठा गुण असा, की येथे पक्ष्यांमागे चालावे लागत नाही. नावेत बसून पाहता येते. अवघड असते ते नावेत चढणे. एका सहप्रवाशाने मदतीसाठी आप्पांचा डावा हात धरून ओढू पाहिले. मी त्यांना थांबविले. पक्षाघातानंतर दुबळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो. तो हात ओढल्यास सांधा दुखावतो. नावाड्याने नाव काठाला घट्ट धरली, आप्पा आधी काठावर बसले आणि मग उजव्या हाताच्या आधाराने हळूहळू आत सरकले. चार-पाच मिनिटे लागली. कोणी कुरकुर केली नाही.

नाव बेटांजवळून संथपणे निघाली. झाडांच्या शेंड्यांवर चित्रबलाक बसले होते. चोच मिटूनही मध्ये फट राहणारा मुग्धबलाक उथळ पाण्यात गोगलगायी शोधीत होता. खडकावर एक मगर जबडा उघडून उन्हात निश्चल पडली होती. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचा डावा हात मांडीवर सैल पडला होता. एरवी ते तो शालीखाली लपवितात.

एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही शिवनसमुद्र गाठले. येथे कावेरी दुभंगते. एका बाजूस गगनचुक्की, दुसऱ्या बाजूस भरचुक्की. पावसाळ्यात धरणांतून पाणी सुटले की हे प्रपात रौद्र होतात, पण तेव्हा रंगनथिट्टूची नौकाफेरी बंद ठेवावी लागते. एकाच सहलीत दोन्ही पाहायचे, तर हिवाळ्यातील कमी पाण्यावर समाधान मानावे लागते. गगनचुक्की समोरच्या सज्ज्यावरून दिसतो. भरचुक्कीच्या पायथ्याकडे मात्र पायऱ्या उतराव्या लागतात.

पायऱ्यांचा नियम आम्हाला व्यायामतज्ज्ञांनी शिकविला होता: चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. पण उतरलेले सारे पुन्हा चढायचे असते. आप्पांनी पायऱ्यांकडे पाहिले आणि बाकावर बसत म्हणाले, "मला येथून दिसते आहे. तू जा."

चौदा महिन्यांत मी त्यांना घराबाहेर एकटे सोडले नव्हते. मी नको म्हटले. "माझ्यापायी तू काहीच पाहिले नाहीस, तर मला ही सहल कशी गोड लागेल?" ते म्हणाले. गाडीचे चालक त्यांच्याजवळ बसले. पाण्याची बाटली आणि फोन मी आप्पांच्या उजव्या हाताशी ठेवला व निघाले. खाली तुषार चेहऱ्यावर आले, तेव्हा आपण किती थकलो आहोत हे मला प्रथमच जाणवले. तेथे मी अर्धा तास नुसती बसले.

वृद्धांना सहलीस नेणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत. लघवीच्या भीतीने पाणी पिणे किंवा गोळी घेणे परस्पर बंद करू नये. गाडी तासा-दीड तासाने थांबवून पाय मोकळे करावेत. आणि शुश्रूषा करणाऱ्यानेही अर्धा तास स्वतःसाठी राखावा. त्यासाठी विश्वासाचे तिसरे माणूस सोबत असावे.

मी वर आले तेव्हा आप्पा चालकाला १९०२ सालची हकीकत सांगत होते. "आणि आता," ते म्हणाले, "हा धबधबा मी पाहिलेला आहे."