सांपडलें का ?

घरांतला मुलगा डॉक्टरेट मिळवून परदेशीं गेला, म्हणजे त्याचें शिक्षण संपलें, असें वडील मंडळी समजतात. आमचाही समज तसाच होता. परंतु आमचा पुतण्या पदवीनंतर सहा वर्षें दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या नेमणुकांवर काम करीत होता. आणि तेंही कोणाच्याच दृष्टीस न पडलेल्या वस्तूच्या शोधांत! २०२४ च्या गणेशोत्सवांत तो घरीं आला, तेव्हां पाय धुण्यापूर्वींच आजीनें विचारलें, "काय रे बाळ, सांपडलें का ?"

"नाहीं, आजी." तो हंसून म्हणाला.

त्याची नेमणूक मार्चांत संपावयाची होती. मुंबईंतील एका पेढीनें कायमची जागा देऊं केली होती. वहिनींची प्रकृति बरी नव्हती. त्याचें मन वळविण्याचें काम घरानें आम्हांवर सोंपविलें होतें. रात्रीं माडीवर त्याला गांठून आम्हीं आधीं त्याचें ऐकून घेतलें.

१९३३ मध्यें झ्विकी ह्या शास्त्रज्ञानें अरुंधतीकेशांतील दीर्घिकांच्या समूहाचे वेग तपासले. दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणानें तो समूह एकत्र राहणें शक्यच नव्हतें. तेथें न दिसणारें 'कृष्णद्रव्य' असलें पाहिजे, असें त्याला वाटलें. आजच्या हिशेबानें विश्वांतील द्रव्याच्या सहा भागांपैकीं सुमारें पांच भाग तेंच आहे. तें कणरूप असेल, तर क्वचित् एखाद्या अणुगर्भास त्याचा धक्का लागेल, ही आशा. त्यासाठीं अमेरिकेंतील दक्षिण डाकोटांत, सोन्याच्या एका जुन्या खाणींत, ४८५० फूट खालीं 'लक्स-झेप्लिन' प्रयोग मांडला आहे. तेथें १० टन झेनॉन वायु उणे १०० अंशांच्या आसपास द्रवरूप ठेवलेला असतो. धक्क्यानें होणारी अंधुक चमक टिपण्यास सुमारें पांचशें प्रकाशग्राही नळ्या डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात. विश्वकिरणांचा मारा वरच्या खडकानें अडावा, म्हणून इतकें खालीं जावयाचें. ह्याच कारणास्तव आपल्या कोलारच्या खाणींतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह १९६५ मध्यें न्यूट्रिनोंचा माग लावला होता.

"संशोधक आशेनें फसूं नयेत, म्हणून खऱ्या नोंदींत कांहीं खोट्या नोंदी मुद्दाम मिसळतात," तो सांगूं लागला. "त्यास 'मीठ' म्हणतात. मीठ कोणतें, तें अखेरपर्यंत कळत नाहीं. काका, एक चमक मला कित्येक महिने खरी वाटत होती."

"मग ?"

"ऑगस्टांत २८० दिवसांच्या नोंदींचा निकाल लागला. माझी चमक मिठांतली निघाली. इतक्या बारकाईनें पाहिलें, तरी नाहीं, असें आम्हीं जगाला कळविलें."

आमचा उपदेश ओठांवरच राहिला. आमची सारी नोकरी हिशेबतपासणींत गेली. ताळा जुळावा, वरिष्ठ प्रसन्न राहावे, म्हणून न पटलेल्या आंकड्यांखालीं आम्हीं सही केल्याचे प्रसंग आठवले. उमेदीच्या वर्षांचा जमाखर्च मांडून त्याखालीं स्वच्छ अक्षरांत 'नाहीं' असें लिहिण्याचें धैर्य आम्हांला कधीं झालें नव्हतें. आम्हीं एवढेंच म्हटलें, "तुला योग्य दिसेल तें कर."

सकाळीं त्यानें पेढीला नकार कळविला. आजीनें कारण विचारून घेतलें. "एकदां माझी नथ हरवली होती," ती म्हणाली. "झाडून झालेल्या खोल्या वजा करीत गेलें. पण बाळ, आईला भेटायला वर्षांतून दोनदां येत जा हो."

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या देवघरांत जाऊन बसल्या, तें आम्हीं पाहिलें. आमच्या मौनानें त्या घराचें भलें झालें कीं बुरें, ह्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.