गाडी कुठे उभी करायची

तासगावात 'गाडी' म्हणजे काय, हे वाक्यावरून कळतं. "गाडी चुकली" म्हटलं की एसटी. "गाडीवरून ये" म्हटलं की मोटरसायकल. "रात्रीच्या गाडीनं निघालोय" म्हटलं की मिरजेची रेल्वे. आणि नोकरी लागून चार-पाच वर्षं झालेल्या पोराला कुणी "गाडी घेतलीस का?" विचारलं, तर ती फोर व्हीलरच. त्या प्रश्नात गाडीची चौकशी कमी आणि तुमची जास्त असते. पगार किती, लग्नाचं कुठवर आलं, पुण्या-मुंबईत नुसताच राहतोस की काही केलंस, हे सगळं त्या तीन शब्दांत येतं.

मी पुण्यात होतो तोवर "पार्किंग नाही" हे उत्तर चालून जायचं. स्कूटर होती, काम भागायचं. जून २०२४ मध्ये नोकरी बदलून बंगळुरूला आलो, पगार वाढला, आणि ते उत्तर चालेनासं झालं. पप्पा दर रविवारी फोनवर विचारायला लागले, "मग, बघितलीस का एखादी?" मावसभावाने नवी एसयूव्ही घेतली होती. तिचे फोटो फॅमिली ग्रुपवर आले तेव्हा आईने खाली नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला. तो कुणासाठी होता ते मला कळलं.

मी सॉफ्टवेअरवाला. कुठलाही प्रश्न आला की आधी शीट उघडतो. तशी उघडली.

माझं ऑफिस व्हाइटफील्डकडे, पट्टंदूर अग्रहार मेट्रो स्टेशनजवळ. घर शोधताना मी एकच अट ठेवली होती, की ते पर्पल लाइनवर पाहिजे. ही लाइन ऑक्टोबर २०२३ मध्ये चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत सलग झाली. त्याआधी बैयप्पनहळ्ळी आणि के. आर. पुरम यांच्यामध्ये छोटा तुकडा राहिलेला होता आणि तेवढ्यासाठी लोकांना खाली उतरून बस धरावी लागायची. मी आलो तेव्हा तो तुकडा जोडलेला होता. मला स्वामी विवेकानंद रोड स्टेशनपासून सातशे मीटरवर घर मिळालं. तिथून आत तीन-चार किलोमीटरवर असंच घर सहा हजारांनी स्वस्त मिळत होतं.

आता गाडीचा हिशेब. बंगळुरूत साधी हॅचबॅक रस्त्यावर येईपर्यंत आठ लाखांच्या आसपास जात होती. कर्नाटकात रोड टॅक्स जास्त आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि वर सेस. महाराष्ट्रात तशाच पेट्रोल गाडीला ११ टक्के. दोन लाख हातचे, सहा लाख कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं, म्हणजे महिन्याचा हप्ता १२,४५०. हातचे दोन लाख साठ महिन्यांवर पसरले की ३,३३०. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग मिळून २,९००. महिन्याला पाचशे किलोमीटर धरले तर पेट्रोल ३,४००. पार्किंग २,०००. बेरीज २४ हजारांच्या वर. पाच वर्षांनी गाडी चार लाखांना विकली जाईल असं धरून महिन्याला ६,६६० वजा केले, तरी साडेसतरा हजार उरतात.

गाडी नसेल तर? मेट्रोला जायचे-यायचे १२० रुपये, महिन्याला २,६४०. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडं वाढलं, कमाल तिकीट ६० वरून ९० वर गेलं, तेव्हा ही ओळ मला बदलावी लागली होती. कॅब आणि रिक्षाला सढळ हाताने पाच हजार. आणि स्टेशनजवळ राहण्याचे सहा हजार जादा, कारण ते भाडंही खरं तर प्रवासखर्चच आहे. एकूण १३,६४०.

म्हणजे फरक चार हजारांपेक्षा कमी. मला वाटलं होतं, आकडा इतका मोठा निघेल की पप्पांना शीट पाठवली की विषय संपेल. पण चार हजारांत काही ठरत नाही. माझ्या पगारात दोन वीकेंडला बाहेर जेवलं की तेवढे जातात. आणि ज्याने मेट्रोपासून लांब स्वस्त घर घेतलंय, त्याचा हिशेब गाडीच्या बाजूने जाईल. गाडी घ्यायची की नाही, हे बरंचसं घराचा करार करतानाच ठरलेलं असतं. शोरूममध्ये आपण फक्त रंग निवडतो.

वेळेचा हिशेब मात्र स्पष्ट होता. टॉमटॉम कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांच्या ट्रॅफिकची यादी काढते. २०२२ च्या यादीत बंगळुरू जगात दुसऱ्या नंबरवर होतं. शहराच्या मध्यभागात १० किलोमीटर जायला सरासरी सुमारे २९ मिनिटं. संध्याकाळी सातला माझ्या ऑफिसकडून घराकडे येताना ही सरासरीसुद्धा दयाळू वाटते. मेट्रोत तेच अंतर अर्ध्या तासात होतं, बसायला मिळालं तर वाचन होतं, नाही मिळालं तर एका हाताने मोबाइल. क्लच दाबत बसण्यापेक्षा बरंच.

पण हे सगळं माझ्यापुरतं खरं आहे. माझ्या टीममध्ये नागपूरची एक सहकारी आहे. तिने आल्यावर तीन महिन्यांत गाडी घेतली. रिलीजच्या रात्री आम्हाला ऑफिसातून निघायला साडेअकरा वाजतात, तोवर शेवटची मेट्रो गेलेली असते. मी कॅबमध्ये बसून डोळे मिटतो. ती कॅबमध्ये बसली की लोकेशन शेअर करते, मागच्या सीटवर जागी राहते आणि घर आल्यावर ग्रुपवर "पोचले" असं टाकते. तिला माझी शीट दाखवली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "यात झोपेची रो नाहीये." तिचं बरोबर आहे. गाडीचे पैसे आपण बरेचदा शहरावर विश्वास नाही म्हणून भरतो, आणि तो विश्वास प्रत्येकाला सारख्या भावात मिळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आई तीन आठवडे राहायला आली. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने, मिरजेहून. तिचे गुडघे दुखतात. स्टेशनवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याने मीटरच्या दीडपट मागितले, मी दिले. दोन दिवसांनी तिला मेट्रोने कब्बन पार्कला घेऊन गेलो. मेट्रो तिला फार आवडली. लिफ्ट चालू होती, एका कॉलेजच्या मुलीने उठून जागा दिली, वरून दिसणाऱ्या गच्च्यांवरची वाळवणं ती मोजत बसली. पण परत येताना स्टेशनपासून घरापर्यंतच्या त्या सातशे मीटरला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. फुटपाथवर एक फरशी उचकटलेली, पुढे ट्रान्सफॉर्मर, मग लावलेल्या स्कूटर, मग फुटपाथच संपलेला. मी रोज हेच अंतर आठ मिनिटांत जातो आणि मला यातलं काही दिसलेलं नव्हतं. आई काही बोलली नाही. घरी येऊन गुडघ्याला तेल लावत बसली.

त्या रविवारी पप्पांचा फोन आला. "बघ, म्हणून म्हणतो गाडी घे. आई आली की काय रिक्षातच घालणार तिला?"

मी म्हटलं, "पप्पा, वर्षातनं तीन आठवडे येते ती. कॅब आहे की."

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "रात्री-अपरात्री काय झालं म्हणजे?"

पप्पांसाठी गाडी ही मिरवायची वस्तू कधीच नव्हती. ते झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. २००३ साली त्यांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली, पांढरी, २००१ चं मॉडेल. २००८ च्या पावसाळ्यात एका रात्री आजीच्या छातीत दुखायला लागलं. तासगावहून मिरजेचं हॉस्पिटल म्हणजे तीसएक किलोमीटर. महाराष्ट्रात १०८ ची अँब्युलन्स सुरू झाली २०१४ मध्ये, तेव्हा ती नव्हती. पप्पांनी आजीला मागच्या सीटवर आईच्या मांडीवर झोपवलं आणि धो धो पावसात गाडी काढली. मी शेजारी बसून आतून काच पुसत होतो. आजी वाचली. पुढे सहा वर्षं जगली. त्या रात्रीनंतर पप्पांच्या डोक्यात गाडी आणि आजीची ती सहा वर्षं एकत्र बसली आहेत. तिथे माझ्या शीटचं काय चालणार?

पुढे २०१६ मध्ये ८०० ला पंधरा वर्षं झाली. रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं, फिटनेस, ग्रीन टॅक्स, शिवाय इंजिनचं काम. त्यांनी ती विकली. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि फी भरायची होती. त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी गाडीचं नाव काढलं नाही. मलाच घे म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो, की ते मला कुठल्या रात्रीसाठी तयार करतायत? बंगळुरूत रात्री दोनला मला काही झालं तर कॅब येईल, हॉस्पिटल तीन किलोमीटरवर आहे. आणि तासगावात त्यांना काही झालं, तर माझ्या पार्किंगमधली गाडी त्यांच्यापासून सहाशेहून जास्त किलोमीटर लांब असेल. हुबळी, बेळगाव करत रात्रभर एकट्याने घाबरून गाडी हाणणं, हे मदतीला जाणं नाही. त्या रात्रीसाठी गाडी पाहिजे, हे पप्पांचं म्हणणं खरं आहे. फक्त ती उभी राहायला पाहिजे त्यांच्या दारात.

आणि रात्रीचंच कशाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा हे दोघं सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे वडापने गेले होते. हे मला त्यांनी सांगितलं नाही, सहा महिन्यांनी शेजाऱ्यांकडून कळलं. जतला आईची बहीण राहते. दोन गाड्या बदलाव्या लागतात म्हणून आई तिच्याकडे जायची हळूहळू थांबली. गुडघ्यांमुळे म्हणायची.

मी पप्पांना म्हटलं, "गाडी घेऊ. पण ती तासगावात राहील."

"इथं कशाला? आमचं काय अडलंय?"

"अडलं तरी तुम्ही सांगत नाही."

ते चिडले. पोराच्या पैशाने गाडी दारात लावून बसायचं, हे त्यांना पटेना. त्यांच्या मते नवीन शहरात बस्तान मी बसवायचं होतं, त्यांचं बसून झालं होतं. हे सहा-सात महिने चाललं. मी दिवाळीला येतो म्हणायचो, ते गाडी घेऊन ये म्हणायचे. शेवटी आईने निकाल लावला. एका रविवारी फोन तिच्याकडे होता. ती म्हणाली, "घ्यायची तर गिअर नसलेली घ्या. म्हणजे मीपण शिकीन." पलीकडे पप्पा गप्प झालेले मला ऐकू आलं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी गाडी घरी आली, एमएच-१० पासिंगची, आई म्हणाली तशी ऑटोमॅटिक. हातचे पैसे पप्पांनी भरले, त्यावर ते अडूनच बसले होते. ९,३४० चा हप्ता माझ्या खात्यातून जातो. बंगळुरूत माझं मेट्रो आणि कॅबचं चालूच आहे. दोन्ही धरले तर स्वतःसाठी गाडी घेण्यापेक्षा मला महिन्याला जास्तच खर्च येतो. शीटमध्ये हा पर्याय कधी नव्हताच.

डोनाल्ड शूप नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते, आयुष्यभर पार्किंगचा अभ्यास केलेले. 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हे त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. गाडी तिच्या आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, हा त्यांचा मुद्दा प्रसिद्ध आहे. बंगळुरूसारख्या शहरात हा मुद्दा गाडीच्या विरोधात जातो, कारण ती उभी राहते ती जागा चालणाऱ्याची असते. माझ्या आईला त्या सातशे मीटरमध्ये नडल्या त्यातल्या निम्म्या गोष्टी कुणाच्या तरी उभ्या गाड्याच होत्या. आमच्या दारात, चिंचेखाली, ती कुणाला नडत नाही. तिथे दिवसभर उभी राहणं हेच तिचं काम आहे.

उद्या माझं ऑफिस बदललं, घरात लहान मूल आलं किंवा आई-पप्पा कायमचे इकडे आले, तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि कदाचित उत्तर वेगळं येईल. तोवर बंगळुरूत कुणी "गाडी घेतली का?" विचारलं की मी "हो" म्हणतो. "कुठं लावतोस?" विचारलं की "तासगावात" म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास समजावून सांगण्यात जातो.

पप्पा दर महिन्याच्या एक तारखेला डॅशबोर्डचा फोटो पाठवतात. हिशेब दिल्यासारखा, सोबत एक अक्षर लिहीत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत १,१४० किलोमीटर झाले. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या जतच्या आहेत, असं मावशीकडून कळलं.