अठ्ठावन्नावे वर्ष

माणसाने थांबावे केव्हा, हा प्रश्न आपल्याकडे सरकारने परस्पर सोडवून टाकला आहे. अठ्ठावन्न वर्षे भरली, की राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांच्या हाती नारळ येतो. कलावंतावर असा हुकूम कोणी काढत नाही. तो त्याला स्वतःच स्वतःवर बजावावा लागतो.

योहानेस ब्राम्सने तो बजावला होता. 1890 साली तंतुवाद्यांचे एक पंचक लिहून त्याने ठरवले, की आता पुरे. आणि हा माणूस लहरी नव्हे, बरे का! 1873 मध्ये आपली पहिली दोन चतुष्टके छापायला देण्यापूर्वी त्याने वीसेक चतुष्टके नष्ट केली होती म्हणतात. असा कठोर मनुष्य थांबतो म्हणाला, तर तो थांबलाच असे समजावे.

पण 1891 च्या मार्चमध्ये तो माइनिंगेनला गेला. तिथल्या दरबारी वाद्यवृंदात रिशार्ट म्यूलफेल्ट नावाचा वादक होता. मूळचा व्हायोलिनवाला, क्लॅरिनेट आपले आपणच शिकलेला. आपल्याला क्लॅरिनेट म्हटले, की वरातीचा बँड आठवतो. ब्राम्सला त्यात काय ऐकू आले कोण जाणे, पण त्याच उन्हाळ्यात इश्ल गावी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने म्यूलफेल्टसाठी एक त्रिक लिहिले आणि क्लॅरिनेट, दोन व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांचे ते बी मायनरमधले पंचक.

जाणकार ह्या पंचकाला निरोपाचे संगीत म्हणतात. मला ते पटत नाही. दुसऱ्या, संथ भागात चारही तंतुवाद्यांचा आवाज मुद्दाम दबका केलेला आहे; त्यांच्यावरून क्लॅरिनेट हंगेरीतल्या भटक्या वादकांसारखे मोकाट फिरून येते, आणि बाकीचे चौघे अदबीने ऐकत राहतात. निरोप घेणारा इतका बोलत नाही. बोलायला कोणी भेटले, की माणूस असा बोलतो.

माझे वडील नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा तबला थांबला नाही. त्यांचे गाणारे स्नेही गेले, तेव्हा तो माळ्यावर गेला. हे पंचक मी त्यांना एकदा ऐकवले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अरे, ह्यात मला वाजवायला जागा कुठं आहे?" आणि थोड्या वेळाने, "त्याला माणूस भेटला म्हणायचा."

भेटला खरा. ब्राम्स त्याला थट्टेने 'कुमारी क्लॅरिनेट' म्हणे. 1894 साली त्याच्यासाठी आणखी दोन सोनाटा झाले. 1897 च्या एप्रिलमध्ये ब्राम्स वारला.

पंचकाच्या अगदी शेवटी पहिल्या भागातली पहिलीच सुरावट परत येते. मग एक स्वरसंघात जोराने वाजतो, आणि तोच पुन्हा, अगदी हळू. वडिलांनी तेवढे दोनदा लावायला सांगितले.